व्हिएन्ना, पाणीगेट आणि तेवीस चुंबळी

११ जानेवारी १९६८, गुरुवार

आज निरुपमा गळ्यात धोंड बांधून गेली, म्हणून ही वही काढली. मनात गोंधळ झाला की लिहून काढायचं, ही माझी जुनी खोड.

निरुपमा म्हणजे बडोद्यातल्या आमच्या मराठी महिला मंडळाची सेक्रेटरी. शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्यांशी पाचवीच्या वर्गाशी बोलावं तशी बोलते. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीला संपतं आणि त्या दिवशी मंडळात एक व्याख्यान असतं. यंदा ज्या डॉक्टरीणबाई बोलणार होत्या त्या मुंबईला चालल्या. "अहल्यामावशी, तुम्हीच बोला," म्हणाली.

"मी? कशावर? लोणच्यावर?"

"ते तुमचं फाटकं पुस्तक आहे ना, त्यावर. चालो, नक्की!" आणि गेलीसुद्धा.

पुस्तक फाटकं आहे हे खरं. आमचे हे कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकबांधणी करत. घरी पानांचे गठ्ठे येत आणि मी शिवायला बसे. इंग्रजी मी तशीच शिकले, डिक्शनरी मांडीवर ठेवून, शिवायला आलेली पानं वाचत. त्यामुळे मला पुष्कळ पुस्तकांची मधली पानं माहीत आहेत, पण सुरुवात आणि शेवट एकाचाही नाही. हे पुस्तक दुरुस्तीपलीकडचं म्हणून लायब्ररीने यांनाच देऊन टाकलं. पुठ्ठा नाही, लेखकाचं नाव नाही, मधली सोळा पानं कसरीने खाल्लेली. हे गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून दुपारी झोपाळ्यावर बसून मी ते वाचते.

त्यात व्हिएन्ना शहरातल्या अर्थशास्त्र्यांच्या एका घराण्याची हकीकत आहे. घराणं म्हणजे गाण्यातलं असतं तसं, गुरू, शिष्य, शिष्याचे शिष्य. त्यांचा मुख्य प्रश्न असा की वस्तूला मोल येतं कुठून? त्यांचं उत्तर असं की वस्तूत शोधू नका, माणसाच्या मनात शोधा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी झोपाळा थांबवला होता.

चारला माझी मैत्रीण जिजा आली. पाणीगेटहून रोज चालत येते, अडतीस वर्षं. तिचे सुभानराव संस्थानच्या घोडदळात होते; घोडदळ मोडलं, तेही गेले. मुलगा प्रताप पुण्याला कारखान्यात आहे. दिवाळीपासून तो लिहितोय, आता पुन्हा पत्र आलंय, आई, आता कायमची इकडे ये. रथसप्तमीनंतर उत्तर देते असं तिने कळवलंय.

"तुला काय वाटतं, अहल्या?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बाई, तुझं तू ठरव. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी कोण सांगणारी?"

"बरं," म्हणाली. आज लवकर उठली. घरी काही शिजत ठेवलं असेल.

१४ जानेवारी, उत्तरायण

दिवसभर गच्चीत. आमचा मुलगा शरच्चंद्र पतंग उडवत होता, चाळिशी आली तरी गुडघे फोडून घेतो. मंदाकिनीने उंधियू केलं होतं. सून म्हणून आली तेव्हा तिला त्यातला कंदसुद्धा ओळखता येत नव्हता, आता दांडिया बाजारातल्या गुजराती बायका तिला मसाला विचारतात.

उन्हात डोळा लागला. मिटल्या डोळ्यांतही पतंग दिसत होते. मग लांब काळे कोट घातलेली चारपाच माणसं जिना चढून वर आली, दाढीवाली, हातात टोप्या. व्हिएन्नाचीच ती, विचारायला नको. एकाने अगदी अदबीने शरच्चंद्राची फिरकी धरली. दुसरा आभाळाकडे बघत म्हणाला, "बाई, एवढे हजारो पतंग, आणि हे सगळं चालवतंय कोण?" मी म्हटलं, "कोणीच नाही. ज्याचा दोरा त्याच्या हातात. वारा सगळ्यांचा." तो इतका खूश झाला की त्याने टोपीच वर उडवली, आणि ती खाली आलीच नाही, सूरसागर तळ्याच्या बाजूला तरंगत गेली.

जागी झाले तर जिजा शेजारी तीळ निवडत बसलेली. तिला स्वप्न सांगितलं. हुकूम देणारा कुणी नसतानासुद्धा व्यवस्था आपोआप कशी लागते, तेही सांगितलं.

"व्यवस्था कसली?" जिजा म्हणाली. "सगळे एकमेकांचे कापताहेत."

तेवढ्यात "काय पो छे!" असा ओरडा झाला. आमचाच पतंग कापला गेला होता.

१८ जानेवारी

व्याख्यानाची तयारी चालू आहे. सुरुवात गोष्टीने करावी म्हणते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात एक तरुण वर्तमानपत्रासाठी बाजारभावाच्या बातम्या लिहीत असे. त्याच्या लक्षात आलं की पुस्तकात भावाची कारणं एक दिलेली असतात आणि बाजारातली जाणती माणसं कारणं सांगतात ती दुसरीच. पुस्तकं म्हणत, वस्तूला लागलेल्या कष्टावरून तिचं मोल ठरतं. बाजार म्हणे, ज्याला हवी त्याला किती हवी, त्यावरून. मग त्यानेच पुस्तक लिहिलं, आणि ते घराणं तिथून सुरू झालं. जर्मनीतले मोठे प्रोफेसर नाकं मुरडू लागले. त्यांच्या मते, इतिहास गोळा करा, असले नियम काढू नका. "ऑस्ट्रियावाले" हे नावही म्हणे त्यांनी हिणवायला ठेवलं. यांनी ते बिरुदासारखं लावून घेतलं. आपल्याकडे नाही का, सासरी चिडवलेलं नाव पुढे पत्रिकेत छापतात.

पाण्याचा दाखला द्यायचा. पाण्यावाचून जीव जातो आणि तरी पाणी स्वस्त, असं का? तर नळाला पाणी कमी आलेल्या दिवशी आपण काय करतो ते बघा. पहिली बादली पिण्याची, दुसरी स्वयंपाकाची, मग आंघोळ, मग धुणं, शेवटची फरशी पुसायला. एक बादली कमी पडली तर फरशी राहते, पिणं राहत नाही. म्हणजे बादलीचं मोल ठरतं ते त्या शेवटच्या, फरशीवाल्या कामावरून. जेवढ्या बादल्या कमी, तेवढं शेवटचं काम मोलाचं.

मंदाकिनीला वाचून दाखवलं. "हे तर मी रोज सकाळी करते," म्हणाली.

"तेच तर! ते लोक म्हणतात की तुला आधीपासून माहीत आहे."

"मग त्यांना इतकं जाड पुस्तक कशाला लागलं?"



२२ जानेवारी

आज जिजाकडे हळदीकुंकू. आमच्या मंडळात वाण सगळ्यांनी द्यायचं, सगळ्यांनी घ्यायचं, नवरा असो नसो. कुंकवाचं जिचं तिने ठरवावं. वीस वर्षांपूर्वी ठराव केला तेव्हा केवढी वादळं झाली होती. आता कुणाला आठवतही नाहीत.

दोन महिने जिजा काहीतरी शिवत होती, सांगत नव्हती. आज कळलं. चुंबळी! डोक्यावर घागर घेताना खाली ठेवायची कापडाची वाटोळी चुंबळ असते ना, त्या. मंडळाच्या तेवीस जणींना तेवीस. लाल, केशरी कापड घट्ट पिळून गुंडाळलेलं, वरून एकसारखा टाका, कडेला कुठे कुठे जरीची तार. एवढं नाजूक काम मी कधी बघितलं नव्हतं.

पण आता घागरी डोक्यावरून कोण आणतंय? नळ घरोघरी आले. बायका "वा, वा" म्हणाल्या आणि पिशवीत टाकून उठल्या. मीही छान म्हटलं. विचारलं, "कापड कुठलं गं?"

"होतं घरात," म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाला तीळ चिकटला असावा.

२७ जानेवारी

एक नामी कल्पना सुचली! नुसतं बोलून काय, पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्यक्षच दाखवायचं. दरवर्षी वाणाच्या वस्तू घरात साचतात. एकीकडे पाच चहाच्या गाळण्या, दुसरीकडे सहा साबणाच्या डब्या. ज्या नको असतील त्या सगळ्यांनी रथसप्तमीला आणायच्या, सतरंजीवर मांडायच्या आणि राजीखुशीने अदलाबदल करायची. नवीन काहीच बनलेलं नाही, तरी प्रत्येकजण आली त्याहून श्रीमंत होऊन घरी जाईल. व्हिएन्नावाल्यांची अर्धी शिकवण अर्ध्या तासात दाखवून होईल.

निरुपमाने टाळीच वाजवली. मंदाकिनी मात्र म्हणाली, "आई, वाण परत मांडायचं म्हणजे, देणारीच्या डोळ्यांसमोर..."

"अगं, नाव कुठे लिहायचंय त्यावर?"

"नाव कशाला लागतं? तेवीसच तर जणी."

मी तिला समजावलं की भाव हा निरोप असतो. खरा निरोप मिळाला तर पुढल्या वर्षी सगळ्या शहाण्यासारखं वाण देतील. "हो, निरोप तर मिळेलच," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

चारला जिजाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे हे कोटवाले कधी रेशनच्या रांगेत उभे राहिलेत का? सगळ्याचा भाव मोकळा सोडला तर माझ्यासारखीने खायचं काय? जिला हवं तिला मिळतं म्हणतेस. जिच्या हातात काही नाही, तिचं हवं असणं कुणाला ऐकू जातं?"

याचं उत्तर पुस्तकात त्या कसरीने खाल्लेल्या पानांत असेल. किंवा नसेलही. लोणच्याची बरणी काढून तिला एक फोड दिली.

जाताना दारात थांबली. "प्रतापला आता कळवायला हवं. खोली बघायची म्हणतो मोठी."

"मग? काय ठरवलंस?"

"तूच सांग ना."

पुन्हा तेच. मी म्हटलं, "जिजा, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळत नसतं. म्हणून दुसऱ्याचं आपण ठरवू नये. एवढं तर मी या पुस्तकातून शिकले." तिने मान हलवली. किती समजूतदार बाई आहे. ती गेली तर माझ्या चारच्या चहाचं काय होईल, असा विचार आला होता, पण तो माझा स्वार्थ. तिच्या निर्णयात माझा पाय कशाला?

५ फेब्रुवारी, रथसप्तमी

झालं व्याख्यान!

मंडळाच्या सभागृहात माझ्यासकट एकोणीस जणी होत्या. पाण्याच्या बादल्यांना हशा झाला. मग व्हिएन्नाची संध्याकाळ सांगितली. त्या घराण्यातला एक गुरू विद्यापीठाबाहेर, आपल्या कचेरीत शिष्यांना बोलवी. चर्चा संपली की सगळे जेवायला जात, तिथून कॉफीच्या दुकानात, आणि तरी वाद संपत नसे. पुढे वाईट दिवस आले, हुकूमशहा आले आणि ते घरटं मोडलं. कुणी इंग्लंडात गेला, कुणी अमेरिकेत. ते सांगताना सूरसागरच्या काठाने कोट घातलेली माणसं आपापली पुस्तकं काखेत धरून पांगताहेत आणि पाण्यात दिवे हलताहेत, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. मी व्हिएन्ना बघितलेली नाही, त्यामुळे माझ्या व्हिएन्नाला बडोद्याचंच पाणी आहे.

शेवटी तत्त्वं सांगितली. मोल मनात असतं. ज्ञान एका डोक्यात मावत नाही, ते सगळ्यांत थोडं थोडं वाटलेलं असतं, म्हणून सगळं एका कचेरीतून ठरवू पाहणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि, "नुसते कष्ट केले म्हणून वस्तूला मोल येत नाही, ती कुणाला तरी हवीशी वाटावी लागते." हे वाक्य मी दोनदा म्हटलं. चांगलं जमलं होतं.

मग अदलाबदल. पहिली वस्तू मीच ठेवली, म्हणजे बाकीच्या लाजणार नाहीत. माझी चुंबळ. घरात नळ आहे, कामाची नव्हती. मग जो उत्साह आला! गाळणी देऊन फणी, फणी देऊन सांडशी, एकीने तर तीन बदल्यांत साबणाच्या डबीवरून पितळी दिव्यापर्यंत मजल मारली. जणू खंडेराव मार्केटच. सगळ्यांचे चेहरे फुललेले.

शेवटी सतरंजीवर चुंबळी उरल्या. मोजल्या तर अठरा. जिजा सोडून सगळ्यांनी आपापली आणली होती, आणि चौघी आज आल्या नव्हत्या, त्यांच्या तेवढ्या घरी राहिल्या. घेतली कुणीच नाही. कुणीतरी तरुण सुनेने चेष्टा केली, "मावशी म्हणाल्या तसंच झालं, कष्टाला मोल नाही!" सगळ्या हसल्या. जिजाही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग पुढे होऊन तिने त्या एकेक उचलून पदरात घेतल्या.

मोठ्या मनाची आहे. दुसरी असती तर रुसली असती.

६ फेब्रुवारी

जिजा आली नाही. काल दमली असेल.

७ फेब्रुवारी

नाही आली.

९ फेब्रुवारी

निरुपमा येऊन सांगून गेली, व्याख्यान पुढल्या वर्षीही तुमचंच. मी खूश व्हायला हवं होतं. चारला दोन कप मांडले, एक उचलून ठेवला.

मंदाकिनीला म्हटलं, "जिजाला बरं नाही वाटतं."

ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "आई, ते साफे होते."

"कसले साफे?"

"चुंबळींचं कापड. सुभानरावकाकांचे साफे. तीन होते म्हणे, घोडदळातले. पुण्याला जावंच लागलं तर तिथल्या घरात ट्रंका ठेवायला जागा नाही. म्हणून फाडून सगळ्यांना थोडे थोडे वाटले. माझ्याकडून जाड सुई घेऊन गेल्या तेव्हा बोलल्या."

"मला नाही सांगितलं!"

"सांगू नकोस म्हणाल्या होत्या. अहल्या ओळखेल म्हणाल्या."

तो केशरी साफा मी दसऱ्याच्या मिरवणुकीत बघितलाय. घोड्यावर सुभानराव, आणि शेजारी उभी जिजा मला कोपराने ढोसून म्हणतेय, "बघ, बघ, आमचे ते!" तो साफा मी हातात घेतला, आणि मला काय दिसलं? नळ.

कापडात काही नसतं, मोल मनात असतं, हे मी अठरा जणींना शिकवून आले. मग शेजारच्या मनात काय आहे ते मी का विचारलं नाही?

तरी एक म्हणेन. चूक त्या व्हिएन्नावाल्यांची नाही.

१२ फेब्रुवारी

दुपारी पुन्हा पुस्तक उघडलं, अक्षरं सरकत होती. डोळा लागला. काळे कोटवाले आले होते, पण या वेळी ते झोपाळ्यापासून लांब, भिंतीशी उभे होते. मी त्यांना विचारलं, "तुम्हीच म्हणालात ना, दुसऱ्याचं आपण ठरवू नये?"

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने मान हलवली. "म्हणालो."

"मग मी काय चुकले?"

"बाई, बाजारात जो तो आपल्याला काय हवं ते सांगतो. किती हवं तेही सांगतो. मग दुसरा त्याचं तो ठरवतो. तुम्ही तर दुकानासमोर उभं राहून नुसत्या गप्प बसलात."

मी म्हटलं, "हे पुस्तकात नाही."

"ती सोळा पानं," तो म्हणाला आणि हसला. मला वाटतं त्याने हे माझं समाधान करायलाच सांगितलं. त्याच्या बुटांचा आवाज येत नव्हता.

उठले ती चपला घालूनच. मंदाकिनीने विचारलं कुठे, म्हटलं पाणीगेटला. "रिक्षा करा," म्हणाली. चालतच गेले. अडतीस वर्षं ती चालत येतेय, मी किती वेळा गेले असेन? सणाला, सुतकाला.

जिजा ट्रंक भरत होती. मला बघून म्हणाली, "काय गं? व्हिएन्ना बंद आहे का आज?"

मी धापा टाकत होते. बसलेही नाही. म्हटलं, "जिजा, तू जाऊ नकोस."

"का?"

कारण शोधत राहिले. पुण्याची हवा, तिची संधिवाताची गोळी, प्रतापची लहान खोली, सगळी तोंडाशी आली. शेवटी म्हटलं, "मला नकोय तू गेलेली. एवढंच."

ती हातातलं लुगडं घडी करत राहिली. झालेली घडी मोडून पुन्हा केली.

"हे आज सुचलं? शुक्रवारी पत्र गेलं माझं. येते म्हणून."

"दुसरं पाठव."

"दोनदा विचारलं तुला, अहल्या."

"मला वाटलं, तुझं तू ठरवावंस."

"मीच ठरवणार होते गं मेले! पण ठरवायला पुढ्यात काहीतरी लागतं की नाही? एका पारड्यात प्रतापचं पत्र, त्यात चारदा लिहिलंय ये, ये. दुसऱ्यात मी काय टाकू? तुझी फोडभर कैरी?" मग माझ्याकडे वळली. "बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तू म्हणजे गव्हाचं पोतं आहेस, पोतं."

मला हसू आलं, आणि हसता हसता भलतंच झालं. तिने पाणी आणून दिलं.

"साफे मला ओळखू आले नाहीत, जिजा."

"माहीत आहे. आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, हिला पुस्तकातलं तेवढं बारीक दिसतं, जवळचं नाही."

"मी चाळशी बदलते."

"चाळशीने होत असतं तर काय हवं होतं." आणि माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. लहानपणानंतर मला कुणी धपाटा घातला नव्हता.

मग आम्ही दोघींनी ट्रंक भरली. हो, भरली. ती जाणारच आहे.

२४ फेब्रुवारी

आज जिजाला गाडीत बसवून आलो. शरच्चंद्राने ट्रंक चढवली. प्रताप न्यायला आला होता, पोरसवदा होता तेव्हासारखाच ओशाळा. म्हणाला, "मावशी, आईला तुमची फार सवय." मी म्हटलं, "मलाही तिची आहे रे. ऐकून ठेव."

खिडकीशी उभी होते तेव्हा जिजा जाळीतून हळूच म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकासाठी एक सांगू? पंधरा दिवसांपूर्वी निघाले असते तर इथे कुणाला नको म्हणून गेले असते. आज हवी असून जातेय. गाडी तीच, गाव तेच, ट्रंक तीच."

"मग?"

"मग काय! रडू येतंय. तेव्हा आलं नसतं." आणि खरंच डोळे पुसले. "बरं वाटतंय."

आठ वर्षं मी जे डिक्शनरी घेऊन शोधत होते ते या बाईने गाडी सुटता सुटता सांगितलं. प्रवास तोच, मोल वेगळं. मी तिला म्हणणार होते की हे लिहून ठेवते, पण गाडी हलली, आणि मी नुसती "गोळी वेळेवर घे" असं ओरडले.

येताना सूरसागरवर थोडी थांबले. पाण्यात ढग सरकत होते. कोटवाले कुणी दिसले नाहीत.

१० मार्च

जिजाचं कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी डोंगर चढणाऱ्या. लिहिते: सूनबाई चांगली आहे, पण तीही तुझ्याच जातीची, मनात ठेवणारी. म्हणून मीच पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं, मला दुपारी तासभर बोलायला माणूस लागतं, आणि भाजीत गूळ लागतो. गूळ मिळाला. माणसाचं बघू. शेजारी एक कानडी बाई आहे, तिला मराठी येत नाही, पण ऐकते छान.

मी वाचून पुष्कळ हसले. मग उत्तर लिहायला बसले. आधी चार ओळींत हवापाणी लिहिलं, निरुपमाची बदली, शरच्चंद्राचा खोकला, आणि खाली, "सवडीने जमलं तर, तुझ्या सोयीने, प्रतापची हरकत नसल्यास" असं लिहीत गेले. वाचून बघितलं. फाडलं.

दुसरं कार्ड घेतलं. लिहिलं: "जिजा, वैशाखात ये. मला तू हवी आहेस."

मंदाकिनी पत्ता घालायला बसली होती. म्हणाली, "आई, कार्ड जवळजवळ कोरंच राहिलं. आणखी काही लिहा ना."

मी तसंच घेतलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.